स्पेनचे राजदूत आणि आमच्या घरचे निरोप

माझे बाबा आणि माझा धाकटा भाऊ एकमेकांशी बोलायचे नाहीत. भांडण वगैरे काही नाही हं. भांडायला आधी बोलावं लागतं. आमच्या घरात बापलेकांनी थेट बोलायची पद्धतच नव्हती, एवढंच. बाबा आईला म्हणायचे, "त्याला म्हणावं, केस कापून ये, अगदीच अवतार झालाय." भाऊ त्याच खोलीत, हातभर अंतरावर पेपर वाचत असायचा. आई त्याच्याकडे वळून म्हणायची, "ऐकलंस ना?" तो पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "त्यांना सांग, रविवारी कापतो." मग आई परत बाबांकडे वळायची. पोळ्या लाटता लाटता तिची मान अशी दिवसभर इकडून तिकडे चालू असायची.

आणि आई निरोप जसाच्या तसा कधीच पोचवायची नाही. बाबांचं "त्याला अक्कल आहे का?" भावापर्यंत जाताना "बाबांना तुझी काळजी वाटते" असं होऊन जायचं. भाऊ दार आपटून म्हणायचा, "मला नाही शिकायचं ते," आणि बाबांना कळायचं, "तो विचार करतोय." तिच्यामुळे घर शांत होतं, असं आम्ही सगळेच मानायचो.

माझंही बाबांशी बोलणं आईमार्फतच. मी कॉव्हेंट्रीला दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर आले, त्या पहिल्या थंडीत मला इथे अजिबात करमेना. दुपारी चारला अंधार, शेअर केलेल्या घरातलं गारठलेलं बाथरूम, आणि ऑफिसात मी काहीही बोलले की समोरून "सॉरी?" मी आईला फोनवर रडत म्हटलं, "बाबांना विचार, येऊ का परत?" पुढच्या आठवड्यात आई म्हणाली, "बाबा म्हणतात, राहा थोडे दिवस, सवय होईल." झाली सवय. दोन वर्षांची चार झाली, लग्न झालं, मुलगी झाली, मिल्टन कीन्सला घर घेतलं. आता माझा पासपोर्टही इथलाच आहे.

आई गेली तेव्हा मी पुण्यात पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. तेराव्याला भावाने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "ताई, बाबांना विचार ना, पहिल्या पंगतीला बसतायत का." बाबा समोरच्या खुर्चीत बसले होते. मी विचारलं. बाबा म्हणाले, "त्याला म्हणावं, सगळ्यांचं होऊ दे." मी वळून भावाला सांगितलं. माझी नेमणूक झाली ती तिथे, त्या मांडवात. मला हवी का, हे कुणी विचारलं नाही.

बाबांकडे या कामाला शब्द आहे. वकील. कोर्टातला नव्हे, पेशव्यांचे वकील दिल्लीला आणि हैदराबादला असायचे तसला. बाबा कॉलेजात इतिहास शिकवायचे, पण त्यांचा जीव मराठ्यांच्या वकिलांपेक्षा स्पेनच्या वकिलांवर. का, ते देवाला ठाऊक. चाळिशीत त्यांनी संध्याकाळच्या क्लासला जाऊन स्पॅनिश शिकून घेतलं. स्पेनच्या राजांनी लंडनला जे राजदूत ठेवले त्यांचे खलिते, म्हणजे त्यांनी राजाला लिहून पाठवलेल्या बातम्या, छापलेल्या जाडजूड खंडांतून ते वाचायचे. सुट्टीत आम्ही महाबळेश्वरला जावं म्हणायचो आणि बाबा मुंबईच्या लायब्ररीत जाऊन बसायचे. त्यावर त्यांनी प्रबंध लिहिला. तो बाइंड होऊन कपाटात गेला आणि तिथेच राहिला.

मागच्या वर्षी पुण्यातली आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. जुनी बिल्डिंग पाडली, बिल्डरने गोड गोड बोलून पझेशनची तारीख दिली, आणि भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मोठी झालेली मुलं दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात गेली. बाबांना कुठे ठेवायचं? भाऊ मला म्हणाला, "ताई, सहा महिने तुझ्याकडे ने. तोपर्यंत पझेशन मिळेल." व्हिजिटर व्हिसावर सहा महिनेच राहता येतं. बाबा इथल्या उन्हाळ्यात आले, कानटोपी घालून. जून महिना होता.

पझेशन काही मिळालं नाही. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, मग बिल्डर फोनच उचलेना. आणि इकडे बाबांचे सहा महिने संपत आले. त्यांना परत जावंच लागणार होतं. कुठे जायचं, एवढाच प्रश्न होता आणि तो कुणीच कुणाला विचारत नव्हतं.

बाबांचं म्हणणं एकच. भाड्याचं घर मुलाच्या नावावर आहे, तो बोलावेल तेव्हा जाईन. न बोलावता त्याच्या दारात उभा राहणार नाही. मी म्हटलं, "अहो, तुमचा सख्खा मुलगा आहे तो." तर मला म्हणाले, "राजदूताला राजाच्या बोलावण्याशिवाय मायदेशी जाता येत नाही. नियम आहे." पाचशे वर्षांपूर्वीचे नियम मला नाश्त्याला ऐकावे लागायचे, तेही टीम्सवर मीटिंग चालू असताना, कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून.

नवरा आठवड्यातले चार दिवस ब्रिस्टलला असतो. मुलगी युनिव्हर्सिटीतून वीकेंडला येते, "आजोबा, तुमची चहा थंड झाला," असं काहीतरी मोडक्या मराठीत प्रेमाने म्हणते आणि कपडे धुऊन घेऊन परत जाते. राहिलो मी आणि बाबा. मी कामावर असताना ते रेडवेवरून, म्हणजे इथल्या पायी आणि सायकलने जायच्या लाल रस्त्यावरून, चालायला जायचे. परत आले की म्हणायचे, "एक माणूस दिसला. सायकलवर होता. बोलायच्या आत गेला." मग लॅपटॉपवर अक्षरं भाजीच्या पाटीएवढी मोठी करून खलिते वाचत बसायचे. इथे ते सगळे खंड फुकट वाचता येतात, याचं त्यांना फार अप्रूप. आयुष्यभर ज्याच्यासाठी मुंबईला खेटे घातले ते आता स्वयंपाकघराच्या टेबलावर, आणि डोळे मात्र गेले.

भाऊ मला फोन करायचा तो मी गाडी चालवत असताना. त्याला माहीत आहे की घरी बाबा असतात. इथल्या गोल चौकांतून, एका राउंडअबाउटवरून दुसऱ्यावर मी, आणि स्पीकरवर त्याचं दुःख. "ताई, इथे पाय ठेवायला जागा नाही गं. पोरं हॉलमध्ये झोपतात. मी स्वतः बाल्कनीत मीटिंगा घेतो." मग थोडं थांबून म्हणायचा, "संध्याकाळी चहा टाकताना हात आपोआप बाबांचा कप काढतो. हे त्यांना नको सांगूस, उगाच." मी नाही सांगायची. घरी येऊन ती बाल्कनी, हॉलमधली पोरं, वरच्या मजल्यावरचा कुणाचा तरी तबला, एवढंच गमतीने सांगायची आणि म्हणायची, "बाबा, तो म्हणतोय घाई करू नका, निवांत राहा."

बाबा म्हणायचे, "त्याला म्हणावं, मला इथे करमत नाही. तुझ्या ताईवर माझं ओझं झालंय तेही मला दिसतं." आता हे त्या बिचाऱ्याला बाल्कनीत उभं असताना कुठे सांगू? मी सांगायची, "बाबा मजेत आहेत रे. वाचन चालू आहे त्यांचं." आईने घालून दिलेली रीत. माझी काय बिशाद ती मोडायची! आणि खरं सांगायचं तर दमायला झालं होतं. दिवसभर ऑफिसात तेच, क्लायंटला आमच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरचं सांगायचं, डेव्हलपरला क्लायंटचं, दोघांचेही काटे काढून. घरी येऊन परत तेच.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला भावाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता. "एक जागा बघितलीये. वृद्धाश्रम नाही गं, तसलं काही समजू नकोस. असिस्टेड लिव्हिंग. डॉक्टर असतो, बाग आहे, लायब्ररीसुद्धा आहे. बाबांना तिथे मजेत राहायची सवय झालीच आहे, तर इथे माझ्या खुराड्यात कशाला? पझेशन मिळेपर्यंतच. तू सांगशील त्यांना?" मी "हो" म्हटलं. कुठल्या तोंडाने सांगणार होते? दिवस गेले, आठवडे गेले, आणि मी रोज उद्यावर ढकलत राहिले.

त्यातच आमच्या गावच्या मराठी मंडळाचा दिवाळी मेळावा आला. उशिराने, कारण हॉल आधी मिळाला नाही. कार्यकारिणीतल्या एकीला माझ्या बाबांचा विषय कळला आणि तिने उत्साहाने त्यांचं भाषण ठेवलं. दुपारच्या जेवणाआधी, वीस मिनिटं. बाबांनी विषय लिहून दिला होता, "लंडनमधले स्पेनचे राजदूत: एक इतिहास." व्हॉट्सॲपवर पोस्टर आलं त्यात एक बैल, पंखा घेतलेली एक नाचणारी बाई, आणि खाली सोनेरी अक्षरांत "स्पेनचे राजदूत, आपल्या भेटीला!"

कर्म माझं! हॉलच्या दारात बायका पैठण्या नेसून उभ्या. एका गृहस्थांनी सूट घातलेला, टायवर स्पेनचे रंग. स्टेजवर मोठी खुर्ची, पुष्पगुच्छ, आणि औक्षणाचं तबकसुद्धा. मी गाडीतून बाबांना उतरवलं, कानटोपी, स्वेटर, वर माझ्या नवऱ्याचा कोट. कार्यकारिणीतली बाई आमच्या मागे बघत होती, अजून कोणी येतंय का म्हणून. मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा असा काही पडला की मलाच तिची दया आली. पण बाई धीराची. म्हणाली, "असू दे, काकांनाच ओवाळू." आणि बाबांना ओवाळलं. बाबांना वाटलं इथली पद्धतच असेल. अगदी गंभीरपणे त्यांनी कुंकू लावून घेतलं.

मी मागे वड्यांच्या टेबलापाशी उभी होते. बाबांचा हा विषय मी लहानपणापासून इतका ऐकलाय की तो कानावर पडतो आणि वाहून जातो. पण त्या दिवशी ऐकला. कदाचित ते माझ्याशी बोलत नव्हते म्हणून असेल.

ते म्हणाले, स्पेनच्या राजाराणीने लंडनला कायमचा म्हणून जो पहिला वकील ठेवला, तो पायाने अधू होता. साध्याशा घरात राहायचा, राजवाड्यात जेवायला जायचा, दरबारी लोक त्यावरून त्याची चेष्टा करायचे. स्वभाव असा की कुणाला दुखवायचं नाही. इकडच्या राजाला सांगायचा, तिकडे सगळे खूश आहेत. तिकडे लिहायचा, इकडे सगळे खूश आहेत. हळूहळू दोन्हीकडच्यांना त्याचा संशय यायला लागला. म्हातारा झाला, आजारी पडला, आणि लंडनमध्येच मेला.

मी वड्याची थाळी खाली ठेवली.

मग म्हणाले, पुढे किती आले. एकाचे पाय इतके दुखायचे की त्याला खुर्चीत बसवून न्यायचे. तो राजाला लिहितोय, मला बोलवा, आता बोलवा. उत्तर यायला महिने लागायचे आणि आलं तरी त्याचा आपल्या भाषेत अर्थ एकच, "बघू." समोर लोक हसले. बाबा हसले नाहीत.

"आणि एक वकील बाई होती," ते म्हणाले. "राजाची मुलगी. लग्न करून इंग्लंडात पाठवली, काही महिन्यांत नवरा वारला, ही इथेच अडकली. बापाने काय करावं? तिलाच आपली वकील नेमली. ज्या दरबारात तिला धड खायला-ल्यायला मिळत नव्हतं, तिथे तिने बापाची बाजू मांडायची. तिने ते काम चांगलं केलं. अगदी कंटाळली तेव्हा तिने बापाला लिहिलं, मला परत बोलवा. बापाने बोलावलं नाही. पुढे ती इथली राणी झाली, म्हणून लोक हे विसरतात. पण ती परत कधीच गेली नाही."

वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. कार्यकारिणीतली बाई घड्याळाकडे बोट दाखवत होती. बाबांना तेवढ्या लांबचं दिसत नाही. ते म्हणाले, "शेवटचं सांगतो. खलिता कसा वाचायचा? त्यात लिहिलंय ते नंतर बघायचं. आधी बघायचं, मागच्या खलित्यांत दर वेळी येत होतं आणि आता येईनासं झालंय, ते काय? वकील ज्याबद्दल लिहायचं थांबवतो, बातमी तिथे असते."

टाळ्या पडल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर टायवाल्या गृहस्थांनी हात वर केला. "काका, बार्सिलोनाला जायला आपल्या पासपोर्टवर व्हिसा लागतो का हो?" बाबा म्हणाले, "कल्पना नाही. मी सोळाव्या शतकाच्या पुढे फारसा जात नाही."

परतीच्या वाटेवर ते खुशीत असतील असं मला वाटलं. पहिलं राउंडअबाउट गेलं, दुसरं गेलं. मग ते समोर बघतच म्हणाले, "जागा बघितलीये ना त्याने माझ्यासाठी?"

मी वळण नसताना इंडिकेटर लावला.

"आधी तू रोज सांगायचीस. त्या घराची बाल्कनी, पोरं कुठे झोपतात, वरच्या मजल्यावरचा तबला. गेले तीन आठवडे तू त्या घराचं नावसुद्धा काढलं नाहीस." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला म्हणावं, ठीक आहे. कुठे का असेना. म्हणावं, बाबांची काही हरकत नाही."

त्याला म्हणावं! ते दोन शब्द ऐकले आणि माझं डोकंच सणकलं. माझं वळण चुकलं, मी त्याच राउंडअबाउटला परत फिरले, परत चुकले, परत फिरले. मागचा हॉर्न वाजवतोय. "मी नाही म्हणणार," मी ओरडले. "तुमचं तुम्ही म्हणा! किती वर्षं मी हेच करायचं? तुम्ही सांगता करमत नाही, मी त्याला सांगते मजेत आहेत. तो सांगतो तुमचा कप काढला जातो हातून, मी तुम्हाला सांगते निवांत राहा. मला नाही जमत आता. मी दमले, बाबा! मला आईसारखं नाही जमत!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "कप काढला जातो म्हणजे?"

मी पहिलं दिसलं ते सुपरमार्केटचं कार पार्क गाठलं, ट्रॉल्यांच्या शेडपाशी गाडी लावली, भावाला फोन लावला आणि बाबांच्या हातात दिला. ते त्याकडे असे बघत होते, जणू कुणीतरी हातात विंचू ठेवलाय.

"हॅलो, ताई," भाऊ म्हणाला.

"मी बोलतोय," बाबा म्हणाले.

पलीकडे धाडकन काहीतरी पडलं. "बाबा? काय झालं? ताईला काय झालं?"

"काही नाही झालं. ती इथेच आहे. दमलीये ती." मग दोघंही गप्प. मला वाटलं फोन कट झाला. शेवटी बाबा म्हणाले, "जेवलास?"

"नाही अजून. तुम्ही?"

"वडे खाल्ले." ट्रॉल्या ढकलत एक बाई गेली. "तू जागा बघितलीस म्हणे. चांगली आहे का?"

भाऊ घाईघाईने बोलायला लागला. बाग आहे, डॉक्टर आहे, लायब्ररी आहे. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. "ताई म्हणायची तुम्ही मजेत आहात तिथे. मला वाटलं, तुम्हाला आमच्यात यायचंच नाहीये. आलात तर या खोपट्यात तुमचे हाल होतील, नावं ठेवाल मला."

"मला वाटलं, तुला मी नकोय," बाबा म्हणाले.

हे वाक्य बाबा आईलासुद्धा कधी बोलले नसतील. मी खिडकीची काच खाली केली, उगाचच. थंडी आत आली.

"जागा नाहीच आहे, बाबा," भाऊ म्हणाला. तो रडत होता, लहानपणी रडायचा तसा, नाक ओढत. "खरंच नाहीये. पण या."

"येतो," बाबा म्हणाले. "मी पोरांबरोबर हॉलमध्ये झोपेन. ठेवतो आता, बिल येईल." व्हॉट्सॲपला बिल येत नाही हे त्यांना मी शंभरदा सांगितलंय. पण त्या वेळी सांगितलं नाही. ते रुमालाने चष्मा पुसत होते आणि चष्मा पुसून झाल्यावरही पुसतच होते.

डिसेंबरात मी त्यांना हीथ्रोला सोडायला गेले. त्या मधल्या दिवसांत बापलेकांचे रोज फोन चालायचे. काय बोलायचे? हवा, भाज्यांचे भाव, गीझर. एकमेकांना काय सांगायचं ते दोघांनाही कळत नव्हतं, पण सांगत होते. मला कुणी काही विचारत नव्हतं. हेच तर हवं होतं मला. तरी स्वयंपाकघरात एकटीच भांडी घासताना बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला की मला उगाचच परकं वाटायचं.

एअरपोर्टवर व्हीलचेअरसाठी थांबायला सांगितलं होतं. आम्ही दोघं बाकावर बसलो. बॅगेत प्रबंधाची ती जुनी प्रत होती, पुण्याहून येताना आणलेली. ती मांडीवर घ्यायची की बॅगेतच राहू द्यायची, यावर आमचं थोडं वाजलं. मग मीच म्हटलं, "त्या राजकन्येचं तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत."

"तू विचारलं नाहीस."

"तिच्या बापाने बोलवायला हवं होतं."

बाबांनी बॅगेची चेन लावली. मग म्हणाले, "तूही दोनच वर्षांसाठी आली होतीस."

माझ्या मनात इतकी वर्षं जे कुठेतरी तळाशी बसलं होतं ते वर आलं. मी ते रागाने म्हणणार होते, पण राग करायचंही त्राण नव्हतं, म्हणून नुसतंच म्हटलं. "मी विचारलं होतं, बाबा. कॉव्हेंट्रीला असताना. येऊ का परत म्हणून. तुम्ही म्हणालात, राहा थोडे दिवस, सवय होईल."

"मी?" ते माझ्याकडे वळले. "मी कधी असं म्हटलं?"

"आईने सांगितलं."

त्यांचा चेहरा बघून मला कळलं की ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांना खोटं बोलता येतच नाही, म्हणून तर आयुष्यभर ते काम दुसऱ्याला द्यावं लागलं. "मला तिने असं काही विचारलंच नाही," ते म्हणाले. "मी दर रविवारी तिला विचारायचो, पोरगी कशी आहे, परत कधी येतेय. ती म्हणायची, मजेत आहे, तिला आता तिथेच राहायचंय. मी म्हटलं, मग आपण कशाला मध्ये पडा?"

आईवर चिडायला हवं होतं. पण ती मला समोर दिसायला लागली, लाटणं हातात, मान इकडून तिकडे. एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर झेलणारी. तिला वाटलं असेल, पोरीला नोकरी आहे, चार पैसे आहेत, रडून रडून थांबेल. थांबलेही मी.

व्हीलचेअर घेऊन एक बाई आली. बाबा खुर्चीत बसले, कानटोपी नीट केली. ती बाई खुर्ची वळवणार तेवढ्यात त्यांनी तिला हाताने थांबवलं.

"आता विचारतो," ते मला म्हणाले. "मध्ये कुणी नाही. येतेस का परत?"

घराचं मॉर्गेज, मुलीच्या युनिव्हर्सिटीची दोन वर्षं अजून बाकी, नवऱ्याचं ब्रिस्टल, माझा इथला पासपोर्ट, सगळं एकदम तोंडाशी आलं. त्या पहिल्या थंडीत हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी नेसत्या वस्त्रानिशी विमानात बसले असते.

"बघू, बाबा," मी म्हणाले.

ते उत्तर ते आयुष्यभर वाचत आले होते. त्यांनी मान हलवली, माझा हात एकदा दाबला आणि सोडला. त्या बाईने खुर्ची वळवली. मी त्यांची कानटोपी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले, आणि मग गाडी कुठे लावली होती ते आठवत कार पार्ककडे चालायला लागले.